ऋतुराज पहिल्या प्रतीचा कीं नव्हे?

पाणीकपात, रस्त्यांवरचे खड्डे आणि मुलांच्या शाळांची फी हे तीन विषय आटोपले कीं आमच्या पिंपरी-चिंचवडच्या भागांत चौथा विषय हटकून निघतो, तो म्हणजे आपल्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड. तो खरोखर पहिल्या प्रतीचा फलंदाज आहे कीं नाहीं, यावर भल्याभल्या शांत गृहस्थांचे आवाज चढलेले मीं ऐकले आहेत. एक पक्ष म्हणतो, असा खेळाडू देशांत दुसरा नाहीं, निवड करणारांना डोळे नाहींत एवढेंच. दुसरा पक्ष म्हणतो, मुलगा गुणी खरा, पण मोठ्या वेळीं त्याचें घोडें पेंड खातें. दोन्ही पक्षांपाशीं आवाज मोठा व पुरावा थोडा. मी स्वतः क्रिकेट खेळलों तें शाळेच्या अंगणापुरतें. पण आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले आहेत, आणि ‘हुशार मुलगा’ व ‘पहिल्या नंबरचा मुलगा’ या दोहोंत काय अंतर असतें तें तपासणाऱ्यालाच कळतें.

या वादाला या सदरांत जागा देतों ती करमणुकीखातर नव्हे. आमच्या एका वाचक भगिनीनें पत्र लिहिलें आहे. यजमान चाकणच्या एका कारखान्यांत नोकरीस, मुलगा नववींत. पहाटे साडेपांचला मैदान, मग शाळा, संध्याकाळीं पुन्हां मैदान. अभ्यासाच्या वह्या कोऱ्या. वडील म्हणतात, ऋतुराज इथूनच गेला ना, मग आपला कां जाणार नाहीं? आणि बाई विचारतात : ‘गुरुजी, तो ऋतुराज खरोखरच एवढा मोठा आहे, कीं शेजारचा म्हणून आम्हांला मोठा दिसतो?’ प्रश्न अगदीं मर्मावरचा आहे. ज्याच्याकडे बोट दाखवून एका घराची शिल्लक आणि एका मुलाचीं चार वर्षें पणाला लावावयाचीं, त्याची उंची निदान नीट मोजलेली असावी.

प्रथम वृत्तांत सांगतों. ऋतुराजचा जन्म ३१ जानेवारी १९९७ चा. घराणें मूळचें पुरंदर तालुक्यांतील पारगांव मेमाणे येथलें. बिऱ्हाड जुन्या सांगवीस. वडील सरकारच्या संरक्षण-संशोधन खात्यांत, आई महानगरपालिकेच्या शाळेंत शिक्षिका. म्हणजे पहिल्या तारखेच्या पगारावर चालणारें, तुमच्या-आमच्यासारखें घर. अकरा-बारा वर्षांचा असतां हा मुलगा थेरगांवास दिलीप वेंगसरकरांच्या अकादमींत जाऊं लागला. लॉर्ड्सच्या मैदानावर १९७९, १९८२ व १९८६ अशीं तीन कसोटी शतकें काढणाऱ्या वेंगसरकरांची ही संस्था महानगरपालिकेच्या मैदानावर चालते, आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या व्हॅरॉक कंपनीचें नांव तिला जोडलेलें आहे. कारखान्यांच्या गांवांतून फलंदाज निघाला त्यांत कारखानदारीचाहि हात आहे, हें पुण्याच्या पेठांतील मंडळींनीं कृपा करून टिपून ठेवावें.

२०१६ च्या ऑक्टोबरांत, एकोणिसाव्या वर्षीं, तो महाराष्ट्राकडून पहिला रणजी सामना खेळला, दिल्लीस, झारखंडाविरुद्ध. आणि पहिल्याच सामन्यांत बोट जायबंदी करून घेऊन बसला. २०१८ च्या डिसेंबरांतील लिलावांत चेन्नईच्या संघानें त्याला २० लाख रुपयांस घेतलें. त्या बाजारांत हा अगदीं तळचा भाव. २०२० सालीं अमिरातींत गेला तों करोना झाला. बरा होऊन उभा राहिला तर पहिल्या तीन डावांत धांवा किती? शून्य, पांच, शून्य. एवढ्यावर दुसरा कोणी घरीं परतला असता. यानें मोसमाच्या शेवटच्या तीन सामन्यांत लागोपाठ तीन अर्धशतकें काढलीं. पुढच्या वर्षीं, २०२१ सालीं, त्याच स्पर्धेंत ६३५ धांवा करून तो सर्वांच्या पुढें राहिला. दुसरा क्रमांक त्याच्याच जोडीदाराचा, फाफ डू प्लेसीचा, ६३३ धांवांचा. दोन धांवांचें अंतर! त्या वर्षीं चेन्नईनें करंडकहि जिंकला.

आतां मूळ प्रश्न. ‘पहिल्या प्रतीचा’ म्हणजे काय, हें ठरल्यावांचून वाद घालणें म्हणजे वजनें न पाहतां तागडी उचलणें होय. आमच्या जुन्या तर्कशास्त्रांत लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाय म्हणजे तांबूस रंगाचा पशु, असें म्हटलें तर पांढरी गाय वगळली जाते, ही अव्याप्ति. गाय म्हणजे शिंगें असलेला पशु, असें म्हटलें तर म्हैसहि आंत येते, ही अतिव्याप्ति. गाय म्हणजे एकखुरी पशु म्हटलें तर एकहि गाय सांपडत नाहीं, हा असंभव. कट्ट्यावरचे वाद मीं या तीन चाळण्यांतून काढून पाहिले आणि बहुतेक वाद पहिल्या दोहोंतच गळाले.

‘ज्याच्या धांवा पुष्कळ तो पहिल्या प्रतीचा’ हें पहिलें लक्षण. ऋतुराजच्या धांवा पुष्कळ आहेत, यांत संशय नाहीं. २०२१ चे ६३५ सांगितलेच. २०२३ सालीं ५९०, २०२४ सालीं ५८३. विजय हजारे करंडकाच्या २०२१ च्या मोसमांत पांच सामन्यांत चार शतकें व ६०३ धांवा. २०२२ च्या नोव्हेंबरांत अहमदाबादेस उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद २२०, त्यांत सोळा षटकार, आणि त्यांपैकीं सात एकाच षटकांत. एक चेंडू नो-बॉल पडल्यामुळें सहाच्या षटकांत सात षटकार बसले, व त्या षटकांत ४३ धांवा झाल्या. पण केवळ बेरीज धरली तर अतिव्याप्ति होते. वीस षटकांच्या खेळांत सलामीस येणाऱ्याच्या वांट्याला चेंडू अधिक, सीमा जवळ आणि क्षेत्ररक्षकांवर बंधनें. एखाद्या मोसमांत अशा धांवा काढून पुढें विस्मृतींत गेलेले फलंदाज थोडेथोडके नाहींत. डू प्लेसी दोन धांवांनीं मागें राहिला म्हणून तो दुसऱ्या प्रतीचा काय?

दुसरें लक्षण आमच्या वयाच्या मंडळींचें आवडतें : जो कसोटी खेळला तो खरा, बाकी सगळे पोरखेळ. ऋतुराज २०२५ अखेरपर्यंत एकहि कसोटी खेळलेला नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांत कसोटी संघांत त्याची निवड झाली होती, तोंच बोट दुखावलें व त्याला परत यावें लागलें. मग तो बाद ठरला काय? हें लक्षण खरें मानलें तर महाराष्ट्राच्या इतिहासांतले दोन सर्वांत उंच पुरुष पंक्तीबाहेर बसतात. पुण्याच्या स. प. महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं १९२६ सालीं गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध अखिल भारतीय संघाकडून १४८ धांवा काढल्या. भारताची पहिली कसोटी झाली तेव्हां त्यांनीं चाळिशी गांठली होती व कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधींच चढली नाहीं. तरी महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा दोन वर्षें रणजी करंडक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखालीं, आणि मुंबईविरुद्ध २४६ धांवा त्यांनीं काढल्या त्या वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं. (अमरकोश घोकणारा मनुष्य चेंडूहि पाहूं शकतो, याचा दाखला म्हणून मी हें उदाहरण वर्गांत देत असें.)

आणि भाऊसाहेब निंबाळकर! १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास काठेवाडविरुद्ध त्यांच्या नाबाद ४४३ धांवा झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडण्यास दहा धांवा हव्या होत्या. मध्यंतर झाला, आणि काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं पुढें खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत कोणाहि भारतीयाची एका डावांतली ती सर्वोच्च धांवसंख्या आजहि तीच आहे. त्या भाऊसाहेबांना कसोटी सामना मिळाला किती वेळां? एकदांहि नाहीं. तेव्हां कसोटीचें लक्षण अव्याप्तीनें दूषित झालें. टोपी देणें हें दुसऱ्याच्या हातीं असतें. जें दुसऱ्याच्या हातीं तें आपल्या प्रतीचें माप कसें होईल?

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे व त्यावर थोडें थांबलें पाहिजे. प्रतिपक्ष म्हणतो, ऋतुराज शतक काढतो आणि संघ हरतो. ही नुसती कुचेष्टा नव्हे. २ ऑक्टोबर २०२१ रोजीं अबु धाबीस राजस्थानविरुद्ध नाबाद १०१, शेवटच्या चेंडूवर षटकार मारून पुरे केलेलें शतक, सामना गेला. २ डिसेंबर २०२२ रोजीं विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यांत सौराष्ट्राविरुद्ध १०८, करंडक गेला. २८ नोव्हेंबर २०२३ रोजीं गुवाहाटीस ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५७ चेंडूंत नाबाद १२३. सामना शेवटच्या चेंडूवर गेला. २३ एप्रिल २०२४ रोजीं चेन्नईस लखनौविरुद्ध नाबाद १०८, गेला. ३ डिसेंबर २०२५ रोजीं रायपूरास दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५, त्याचें पहिलें आंतरराष्ट्रीय एकदिवसीय शतक, तोहि गेला. पांच शतकें, पांच पराभव. एवढी मालिका पाहून कोणाच्याहि मनांत पाल चुकचुकेल.

पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला गांठ पडली म्हणून कावळ्याच्या वजनानें फांदी मोडली असें ठरत नाहीं. संघाची एकूण संख्या पाहा. अबु धाबीस १८९, गुवाहाटीस २२२, चेन्नईस २१०, रायपूरास पन्नास षटकांत ३५८. याहून अधिक फलंदाजानें काय मांडून ठेवावें? गुवाहाटीस मॅक्सवेलनें ४८ चेंडूंत १०४ काढल्या, चेन्नईस स्टॉइनिसनें १२४. तीं ताटें गोलंदाजांनीं सांडलीं. पोळ्या उत्तम लाटणाऱ्या सुनेला आमटी करपली म्हणून बोल लावण्याची रीत कांहीं घरांत असते खरी, पण ती न्यायाची नव्हे.

उरला तो अहमदाबादचा अंतिम सामना. तेथें आक्षेपाला जागा आहे. १०८ धांवांना त्यानें १३१ चेंडू घेतले, महाराष्ट्राच्या २४८ झाल्या आणि त्या अपुऱ्या पडल्या. त्याच्या खेळाची एक खोड येथें दिसते : तो आरंभीं सावकाश असतो. गुवाहाटीसहि पहिले वीसएक चेंडू त्यानें चेंडूमागें धांव अशाच गतीनें काढले व नंतर कसर भरून काढली. अहमदाबादेस ती पुरतेपणीं भरून निघाली नाहीं. मात्र जो म्हणतो कीं त्यानें करंडक घालविला, त्यानें हेंहि सांगावें कीं त्या अंतिम सामन्यापर्यंत महाराष्ट्र गेला कोणाच्या पाठीवर. उपान्त्यपूर्व फेरींत २२०, उपान्त्य फेरींत आसामविरुद्ध १६८, अंतिम सामन्यांत १०८. तीन सामन्यांत एका माणसाच्या ४९६ धांवा.

मग माझें लक्षण कोणतें? पडता डाव जो उभा करतो, आणि एकदां नव्हे, निरनिराळ्या ठिकाणीं व निरनिराळ्या प्रकारच्या खेळांत, तो पहिल्या प्रतीचा. हें माप परक्याच्या मर्जीवर नाहीं व नुसत्या बेरजेवरहि नाहीं. या मापानें ऋतुराज कसा उतरतो?

१९ सप्टेंबर २०२१, दुबई, मुंबईविरुद्ध. चेन्नई ४ बाद २४, शिवाय अंबाती रायुडू जखमी होऊन परतलेला. ऋतुराज शेवटपर्यंत राहिला, ५८ चेंडूंत नाबाद ८८, संघाच्या १५६, आणि सामना २० धांवांनीं जिंकला. हा एक दाखला. दुसरा दाखला २०२५ च्या ऑक्टोबरांतला, तिरुअनंतपुरमचा, केरळाविरुद्ध रणजी सामन्याचा. फळ्यावर एकहि धांव लागण्यापूर्वीं तीन गडी बाद, मग ५ बाद १८. लाल चेंडू, सकाळची वेळ, न झगमगाट न वाद्यें. त्या पडझडींत यानें ९१ धांवा केल्या. तिसरा दाखला त्याच्या आदल्या महिन्यांतला : दुलीप करंडकाच्या उपान्त्य सामन्यांत पश्चिम विभागाकडून १८४. मला विचाराल तर या तीनांत ९१ ची खेळी सर्वांत मोलाची, आणि कट्ट्यावर तिचें नांवहि कोणी काढीत नाहीं. कारण ती दूरदर्शनवर रात्रीं जेवतांना दिसली नाहीं.

विरुद्ध बाजूचेहि दाखले सांगितले पाहिजेत, नाहींतर तपासनीस कसला! ६ ऑक्टोबर २०२२ रोजीं लखनौस त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. चाळीस षटकांत २५० धांवा हव्या असतां त्यानें ४२ चेंडूंत १९ केल्या आणि भारत नऊ धांवांनीं हरला. त्या नऊ धांवांत त्याचा वाटा नाहीं असें मी म्हणणार नाहीं. १८ मे २०२४ रोजीं बंगळूरास, चेन्नईचा कप्तान असतां, पुढील फेरींत जाण्यास केवळ २०१ धांवा पुरेशा होत्या. तो पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला आणि संघ पांचव्या क्रमांकावर राहून घरीं आला. कप्तान म्हणून त्याच्या नांवावर २०२३ च्या हांगचौ येथील आशियाई स्पर्धांचें सुवर्णपदक आहे, पण तो अंतिम सामना पावसानें पुरा होऊं दिला नाहीं व मानांकनावर पदक मिळालें. तेव्हां तें मी जमेसहि धरीत नाहीं आणि खर्चासहि. २०२५ सालीं कोपराच्या दुखापतीनें त्याला मोसम अर्ध्यावर सोडावा लागला, त्याचाहि दोष त्याच्या माथीं मारतां येत नाहीं.

चाकणच्या कारखान्यांत सुटा भाग तपासावयाचा तर एक गेज असतो. एका टोकानें गेला पाहिजे, दुसऱ्या टोकानें जातां कामा नये. गेला तर ठीक, नाहींतर भंगार. माणसाला असा गेज नाहीं, आणि निवडसमित्या मात्र तो असल्यासारख्या वागतात. २०२१ च्या जुलैपासून २०२४ च्या जुलैपर्यंत ऋतुराज वीस षटकांचे २३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला, त्यांत ६३३ धांवा. त्यानंतर २०२५ अखेरपर्यंत एकहि नाहीं. एकदिवसीय सामने २०२२ पासून २०२५ पर्यंत मिळून दहाहि भरले नाहींत. रायपूरास शतक काढल्यावर पुढच्या महिन्यांतील न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेंत त्याला जागा नव्हती, कारण दुखापतींतून बरा झालेला श्रेयस अय्यर परत आला. कारण खोटें नाहीं. पण वर्गांत वर्षाकाठीं दोनदांच प्रश्न विचारावयाचा आणि मुलगा पहिल्या नंबरचा कां नाहीं म्हणून डोकें खाजवावयाचें, हा प्रकार मला ओळखीचा आहे.

तेव्हां माझा निकाल असा. महाराष्ट्राच्या आजच्या फलंदाजांत ऋतुराज पहिल्या प्रतीचा आहे, याविषयीं माझ्या मनांत शंका उरलेली नाहीं. आय. पी. एल. च्या सलामीवीरांतहि तो पहिल्या पंक्तीचा, एवढें तीन मोसमांनीं सिद्ध केलें. देशाच्या पंक्तींत मात्र त्याचें पान मांडलेलें आहे, वाढलेलें नाहीं. त्यांतला अर्धा दोष वाढणाऱ्यांचा आहे. उरलेला अर्धा त्या सावकाश आरंभाचा. ती खोड लाल चेंडूच्या खेळांत गुण ठरते आणि पांढऱ्या चेंडूच्या खेळांत कधीं कधीं महाग पडते. गंमत अशी कीं ज्या खेळाला त्याची प्रकृति सर्वांत जुळती, त्या कसोटींतच त्याला कोणी पाहिलेलें नाहीं. त्याला देवधरांच्या व निंबाळकरांच्या ओळींत बसवावयास निघालेल्या मंडळींना माझें सांगणें आहे कीं थोडे थांबा. त्या ओळींत बसावयास द्विशतकें लागतात, आणि तींहि चार दिवसांच्या खेळांत.

आतां त्या भगिनींना उत्तर. बाई, तो शेजारचा म्हणून मोठा दिसत नाहीं. तो मोठाच आहे. परंतु तुमच्या यजमानांच्या बोलण्यांत अतिव्याप्ति आहे. ऋतुराज थेरगांवांतून गेला, म्हणून जो जो थेरगांवांत जाईल तो तो ऋतुराज, असें होत नाहीं. त्याच मैदानावर, त्याच वर्षांत, त्याच्याबरोबर जाळ्यांत चेंडू खेळलेलीं कितीतरी मुलें आज याच पट्ट्यांत नोकऱ्या करीत असतील, आणि त्यांनींहि पहाटे साडेपांचलाच घर सोडलें होतें. शिवाय एवढा मोठा असूनहि हा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षीं शतक काढून पुढच्या महिन्यांत संघाबाहेर बसतो, हें यजमानांना अवश्य सांगा. मुलाचें मैदान बंद करूं नका. खेळणारें मूल घरांत असणें हें भाग्य आहे. पण दहावीची परीक्षा होईपर्यंत संध्याकाळची पाळी सोडून सकाळचीच ठेवावी, आणि मुलगा जिल्ह्याच्या वयोगटाच्या संघांत निवडला जातो कीं नाहीं हें दोन मोसम पाहावें. अकादमीच्या फीचें दुसरें कर्ज तोंवर काढूं नये. हें तुम्हांला कठोर वाटलें तर माझ्या नांवानें सांगावें; मास्तर वाईट ठरलेला चालतो.

आणखी एक. गहुंज्याच्या मैदानावर १ मे २०२२ रोजीं ऋतुराजनें हैदराबादविरुद्ध ५७ चेंडूंत ९९ केल्या, तेव्हां आमच्या भागांतून लोक लोटले होते. त्याच मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात तेव्हां खुर्च्या रिकाम्या असतात. पुढच्या मोसमांत असा सामना लागला आणि ऋतुराज त्यांत असला, तर मुलाला घेऊन एक दिवस तेथें जावें. सकाळच्या पहिल्या तासांत, चेंडू नवा असतांना, तो किती चेंडू सोडून देतो तेवढेच मुलाला मोजावयास सांगावे. डबा घरून न्यावा. तेथें जवळपास धड खाण्याची सोय नाहीं.